सहज धावणारा जेसी ओवेन्स

धान कापून झाले, भारे खळ्यावर गेले, की खैरलांजीच्या आसपासच्या बांध्या मोकळ्या होतात. बालाघाट जिल्ह्याच्या या भागात पोरांना पळायला याहून चांगले मैदान नाही. अनवाणी पायांनी, धसकटे चुकवीत ही मुले धावतात. त्यांच्याकडे थोडा वेळ बघत उभे राहिले की एक गोष्ट ध्यानात येते. बहुतेक मुले सगळ्या अंगाने धावतात. दात आवळलेले, मुठी वळलेल्या, मान ताठ. पण त्यातच एखादे पोर असे निघते की त्याच्या चेहऱ्यावर कष्टाची रेघही नसते. पाय जमिनीला लागतात न लागतात तोच उचलले जातात. बघणाऱ्याला वाटावे, धावणे म्हणजे काही विशेष नाहीच.

असे पोर पाहिले म्हणजे आम्हांला जेसी ओवेन्सची आठवण येते.

आपल्या शब्बाथशाळांमध्ये धावपटूची गोष्ट सांगायची झाली, तर ती बहुधा एरिक लिडेलची असते. १९२४ साली पॅरिसच्या ऑलिम्पिकमध्ये रविवारी धावायचे नाही म्हणून त्याने १०० मीटरची शर्यत सोडली, ४०० मीटरमध्ये सुवर्णपदक मिळवले आणि पुढे चीनमध्ये मिशनरी म्हणून सेवा करताना छावणीत देह ठेवला. ही गोष्ट सांगावी तितकी थोडीच. परंतु लिडेलचे धावणे डोळ्यांना सुखावणारे नव्हते. डोके मागे टाकून, हात वाटेल तसे फेकीत तो धावे. ओवेन्सचे धावणे अगदी उलट. त्याच्या काळच्या लोकांनी त्याच्या वेगाइतकीच त्याच्या सहजतेची वाखाणणी केली. बर्लिनच्या १९३६ च्या ऑलिम्पिकचा चित्रपट आजही उपलब्ध आहे. त्यात हा तरुण इतरांच्या पुढे निघून जाताना दिसतो, आणि त्याचा चेहरा मात्र शांत असतो.

ही सहजता त्याला जन्मतः मिळाली, असे म्हणून आपण मोकळे होतो. त्याचे चरित्र वाचले म्हणजे कळते की ती एका शिक्षकाने रोज सकाळी थोडी थोडी करून शिकवलेली होती. म्हणून ही हकीकत आम्ही मुख्यतः शिक्षकांसाठी सांगत आहोत.

जेम्स क्लीव्हलँड ओवेन्स याचा जन्म १२ सप्टेंबर १९१३ रोजी अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील ओकव्हिल या खेड्यात झाला. भावंडांत तो सर्वांत धाकटा. आजोबा गुलामगिरीत जन्मलेले. वडील हेन्री बटाईने दुसऱ्याची जमीन कसत. कापसाच्या वेचणीला घरातली सगळी माणसे जात, लहान मुलेसुद्धा. हंगाम संपला की मालकाचा हिशेब होई आणि हातात फारसे काही उरत नसे. विदर्भातील आणि बालाघाटकडील वाचकांना हे जिणे समजावून सांगायची गरज नाही.

हा मुलगा अशक्त होता. दर हिवाळ्यात त्याची छाती भरे आणि खोकल्याने तो बेजार होई. पाच वर्षांचा असताना त्याच्या छातीवर गाठ आली. डॉक्टर बोलवायला पैसा नव्हता. आई मेरी एमा हिने सुरी तापवली आणि स्वतःच्या हाताने ती गाठ कापून काढली. रक्त फार गेले. मूल वाचेल अशी आशा नव्हती. त्या रात्री वडील अंधारात गुडघे टेकून प्रार्थना करीत होते, असे ओवेन्स यांनी पुढे आपल्या आठवणींत सांगितले आहे. हे घर बाप्टिस्ट मंडळीतले होते आणि अशा वेळी जाण्याचे दुसरे ठिकाण त्यांना माहीत नव्हते. मूल वाचले.

जेसी नऊ वर्षांचा असताना हे कुटुंब उत्तरेकडे ओहायो राज्यातील क्लीव्हलँड शहरात गेले. त्या काळात दक्षिणेतील लाखो कृष्णवर्णीय कुटुंबे पोटासाठी आणि थोड्या मोकळ्या हवेसाठी अशीच उत्तरेकडे निघाली होती. नव्या शाळेत बाईंनी नाव विचारले. घरी त्याला जे. सी. म्हणत. त्याने दक्षिणेकडच्या उच्चारात तसे सांगितले आणि बाईंनी ऐकले, जेसी. दुरुस्त करण्याचे धैर्य मुलाला झाले नाही. जगाने ज्या नावाने त्याला ओळखले ते नाव असे एका चुकीतून आले.

फेअरमाउंट ज्युनिअर हायस्कूलमध्ये त्याला चार्ल्स रायली भेटले. रायली गोरे होते. शाळेत शारीरिक शिक्षण शिकवीत आणि मुलांची धावण्याची तयारी करून घेत. त्यांनी या किडकिडीत मुलाला पळताना पाहिले आणि सरावाला बोलावले. पण सराव असे शाळा सुटल्यावर, आणि शाळा सुटल्यावर जेसी जोडे दुरुस्तीच्या दुकानात कामाला जाई. घराला त्या पैशाची गरज होती. सराव की काम, असा प्रश्न त्याच्यापुढे नव्हताच. काम ठरलेलेच होते.

इथे पुष्कळ शिक्षक थांबले असते. सरावाची वेळ ठरलेली, मुलगा येऊ शकत नाही, मग नाइलाज. रायलींनी वेगळे केले. त्यांनी स्वतःची वेळ बदलली. शाळा भरण्यापूर्वी, पहाटेच्या थंडीत, ते एकट्या जेसीसाठी येऊ लागले. मुलाच्या पोटात काही नाही हे दिसले तेव्हा घरून खायला आणू लागले. आपल्या घरी जेवायलाही त्याला बोलावू लागले. गोऱ्या माणसाच्या टेबलाशी कृष्णवर्णीय मुलाने जेवायला बसणे ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती.

रायलींची शिकवण्याची रीतही पाहण्यासारखी होती. जमीन तापलेली आहे असे समजून पाय टाकायचा, टेकला की लगेच उचलायचा, हे त्यांनी मुलाच्या अंगवळणी पाडले. ते त्याला घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर घेऊन गेले आणि घोडे कसे धावतात ते नीट बघायला सांगितले. चांगला घोडा पळताना तोंड वेडेवाकडे करीत नाही. शेजारच्या घोड्याकडे बघत नाही. सगळी शक्ती तो पायांना देतो आणि बाकीचे अंग मोकळे सोडतो. ओवेन्सच्या शांत चेहऱ्याचे उगमस्थान हे होते. आजच्या शर्यतीसाठी आपण तयारी करीत नाही, चार वर्षांनंतरच्या शर्यतीसाठी करतो आहोत, हेही रायली त्याला वरचेवर सांगत.

चार-पाच वर्षांत फळ दिसू लागले. १९३३ साली शिकागो येथील शालेय स्पर्धेत जेसीने १०० यार्ड अंतर ९.४ सेकंदांत कापून जागतिक विक्रमाची बरोबरी केली. तो अजून शाळेत शिकत होता.

त्यानंतर ते ओहायो राज्य विद्यापीठात दाखल झाले. शिष्यवृत्ती नव्हती. शिकण्यासाठी आणि घरासाठी त्यांना मिळेल ते काम करावे लागे. पेट्रोल भरले, हॉटेलात वाढप्याचे काम केले, रात्रीच्या वेळी मालवाहू लिफ्ट चालवली. विद्यापीठाच्या वसतिगृहात कृष्णवर्णीयांना जागा नव्हती. संघ बाहेरगावी गेला की गोरे सोबती एका हॉटेलात उतरत आणि ओवेन्स व त्यांचे कृष्णवर्णीय सोबती दुसऱ्या ठिकाणी. प्रशिक्षक लॅरी स्नायडर यांनी त्यांची सुरुवात आणि उडी सुधारली. १९३५ च्या जुलैमध्ये शाळेतल्या ओळखीच्या रूथ सॉलोमन हिच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढे त्यांच्या घरात तीन मुली वाढल्या.

त्याच वर्षी २५ मे रोजी ॲन आर्बर येथे विद्यापीठांच्या स्पर्धा होत्या. काही दिवसांपूर्वी पडल्यामुळे ओवेन्स यांची पाठ इतकी दुखत होती की त्यांना वाकता येत नव्हते. तरी त्यांनी भाग घेतला. पाऊण तासाच्या आत त्यांनी १०० यार्डांच्या विक्रमाची बरोबरी केली आणि लांब उडी, २२० यार्ड व २२० यार्ड अडथळ्यांची शर्यत या तिन्हींत नवे जागतिक विक्रम केले. लांब उडी तर त्यांनी एकदाच मारली. ती ८.१३ मीटर भरली आणि तो विक्रम १९६० पर्यंत, म्हणजे २५ वर्षे, टिकला.

पुढच्या वर्षी बर्लिन. जर्मनीत हिटलरचे राज्य होते आणि आर्यवंशच श्रेष्ठ, बाकीचे हीन, हे त्या राज्याचे तत्त्वज्ञान होते. अमेरिकेच्या चमूत १८ कृष्णवर्णीय खेळाडू होते. त्या वेळी धावपट्टी राखेची असे. आजच्यासारखे पाय टेकवायचे ठोकळे नव्हते. प्रत्येक धावपटू लहानशा थापीने स्वतःपुरते खळगे खणून त्यात पाय रोवी. ३ ऑगस्ट १९३६ रोजी ओवेन्स यांनी १०० मीटरची शर्यत १०.३ सेकंदांत जिंकली. ४ तारखेला लांब उडी, ८.०६ मीटर. ५ तारखेला २०० मीटर, २०.७ सेकंद. ९ तारखेला ४ गुणिले १०० मीटर रिले. एकूण चार सुवर्णपदके. प्रेक्षागारातील जर्मन जनता त्यांच्या नावाचा घोष करीत होती.

या चार पदकांभोवती गोष्टी पुष्कळ जमल्या आहेत. मुलांना सांगताना त्या पारखून घ्याव्यात असे आम्हांला वाटते. हिटलरने ओवेन्सचा हात हातात घेण्याचे नाकारले, ही गोष्ट सर्वत्र ऐकू येते. प्रत्यक्षात पहिल्या दिवशी हिटलरने काही विजेत्यांचे अभिनंदन केले आणि कृष्णवर्णीय उंच उडीपटू कॉर्नेलियस जॉन्सन याच्या सन्मानापूर्वी तो निघून गेला. तेव्हा ऑलिम्पिक समितीने त्याला कळवले की अभिनंदन करायचे तर सर्वांचे करा, नाहीतर कोणाचेही करू नका. त्याने दुसरा मार्ग पत्करला. ओवेन्स जिंकले ते त्यानंतर.

दुसरी गोष्ट लुट्झ लाँगची. हा जर्मन खेळाडू लांब उडीत ओवेन्सचा मुख्य प्रतिस्पर्धी होता. पात्रता फेरीत ओवेन्सच्या दोन उड्या बाद झाल्या तेव्हा लाँगने त्यांना युक्ती सुचवली, असे ओवेन्स पुढे सांगत. तसे घडले की नाही, याविषयी जाणकारांना शंका आहे आणि ओवेन्स यांनीही नंतर ती गोष्ट जशीच्या तशी खरी नसल्याचे मान्य केल्याचे सांगतात. पण जे हजारोंनी पाहिले त्याविषयी शंका नाही. स्पर्धा संपल्यावर रौप्यपदक मिळवलेला लाँग सर्वांत आधी अभिनंदनाला आला आणि हिटलरच्या डोळ्यांदेखत ओवेन्सच्या हातात हात घालून मैदानावरून चालला. १९४३ साली सिसिलीच्या लढाईत लाँग मारला गेला. युद्धानंतर ओवेन्स यांनी त्याच्या मुलाची भेट घेतली.

तिसरी गोष्ट कमी सांगितली जाते. रिलेसाठी मार्टी ग्लिकमन आणि सॅम स्टोलर हे दोन ज्यू धावपटू ठरले होते. ऐनवेळी त्यांना काढून ओवेन्स व राल्फ मेटकाफ यांना घेण्यात आले. आपल्याला तीन पदके मिळाली आहेत, या दोघांना धावू द्यावे, असे ओवेन्स यांनी तिथल्या तिथे सांगितले. त्यांना गप्प बसवण्यात आले. चौथे पदक त्यांना मिळाले ते असे.

घरी परतल्यावर काय झाले? न्यूयॉर्कमध्ये मिरवणूक निघाली. त्यानंतर वॉल्डॉर्फ-अस्टोरिया हॉटेलात त्यांच्याच सन्मानार्थ समारंभ होता. तिथे जाताना त्यांना पुढच्या लिफ्टने जाऊ दिले नाही, मालवाहू लिफ्टने वर जावे लागले. विद्यार्थी असताना ज्या प्रकारची लिफ्ट त्यांनी पोटासाठी चालवली, तीच चार सुवर्णपदके मिळवल्यावरही त्यांच्या वाट्याला आली. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी त्यांना भेटीस बोलावले नाही, अभिनंदनाची तारही केली नाही. त्या १८ खेळाडूंच्या नातेवाइकांना व्हाइट हाउसमध्ये सन्मानाने बोलावले गेले ते २०१६ साली, ८० वर्षांनी.

बर्लिननंतर स्वीडनच्या दौऱ्यावर न जाता ते घरी परतले, म्हणून अमेरिकेच्या हौशी क्रीडासंघाने त्यांना निलंबित केले. वयाच्या २३ व्या वर्षी त्यांची खरी कारकीर्द संपली. टाळ्या पुष्कळ मिळाल्या. पण घरात बायको-मूल होते आणि टाळ्यांनी चूल पेटत नाही. डिसेंबर १९३६ मध्ये क्यूबातील हवाना येथे ते पैशासाठी एका घोड्याबरोबर धावले. ४० यार्डांची सवलत घेऊन ते जिंकले. पुढेही कितीतरी वेळा त्यांना अशा शर्यती कराव्या लागल्या. ज्या मुलाला शिक्षकाने घोड्यापासून शिकायला मैदानावर नेले होते, त्याला जगाने तमाशासाठी घोड्यासमोर उभे केले. हे वाचताना आम्हांला फार वाईट वाटले. ओवेन्स यांनाही त्याची लाज वाटे, पण उपाशी राहणे परवडत नव्हते.

त्यांनी कपडे धुण्याचा धंदा काढला, तो बुडाला. १९३९ साली दिवाळखोरी आली. मुलांच्या मैदानावर शिकवण्याची नोकरी केली. युद्धकाळात डेट्रॉइटमध्ये फोर्डच्या मोटार कारखान्यात कामगारांच्या विभागात होते. पुढे शिकागोत स्थायिक झाले. भाषणे देऊ लागले, मुलांच्या क्रीडाकार्यात पडले. १९५५ साली अमेरिकन सरकारचे सदिच्छादूत म्हणून ते भारत, मलाया आणि फिलिपाइन्सच्या दौऱ्यावर आले. आपल्या देशातील तरुण धावपटूंनाही त्यांना जवळून पाहता आले.

त्यांच्या चुका लपवण्याचे कारण नाही. काही वर्षे त्यांनी प्राप्तिकराची विवरणे भरली नाहीत आणि १९६६ साली न्यायालयापुढे उभे राहावे लागले. १९६८ च्या मेक्सिको ऑलिम्पिकमध्ये टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस या दोन कृष्णवर्णीय धावपटूंनी पदक घेताना काळा हातमोजा घातलेली मूठ उंचावून आपल्या समाजावरील अन्यायाचा निषेध केला. ओवेन्स यांना ते पटले नाही. १९७० साली त्यांनी पुस्तक लिहून अशा तरुणांवर कठोर टीका केली. तरुण दुखावले, अनेकांनी त्यांना पत्रे लिहून जाब विचारला. पुढे काय झाले ते ध्यानात ठेवण्यासारखे आहे. साठीच्या उंबरठ्यावरच्या या माणसाने ती पत्रे वाचली, विचार केला, आणि १९७२ साली दुसरे पुस्तक लिहून आपण चुकलो होतो, आपले मत बदलले आहे, असे जाहीरपणे मान्य केले. एवढ्या नावाजलेल्या माणसाने छापील शब्द मागे घेणे सोपे नसते. आमच्या मते ही त्यांची सर्वांत अवघड धाव होती.

त्याच वर्षी ओहायो राज्य विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. गरिबीमुळे त्यांची पदवी अर्धवट राहिली होती आणि मध्यंतरी परत जाऊनही ती पुरी झाली नव्हती. १९७६ साली राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी देशाचा मोठा नागरी सन्मान त्यांना दिला. मात्र अनेक वर्षांच्या धूम्रपानाने लहानपणी वाचलेली छाती पोखरली होती. फुप्फुसाच्या कर्करोगाने ३१ मार्च १९८० रोजी ॲरिझोनातील टूसॉन येथे वयाच्या ६६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. शिकागोच्या ओक वुड्स दफनभूमीत त्यांना पुरले. १९८४ साली बर्लिनमध्ये त्याच ऑलिम्पिक मैदानाजवळच्या रस्त्याला त्यांचे नाव देण्यात आले.

बर्लिनमध्ये सुवर्णपदकाबरोबर प्रत्येक विजेत्याला कुंडीतले ओकचे लहान रोप मिळे. ओवेन्स यांची रोपे बोटीने अमेरिकेत आली आणि त्यांतले एक क्लीव्हलँडमध्ये, ते जिथे सराव करीत त्या शाळेच्या आवारात लावले गेले. पदके कपाटात राहतात. रोप वाढायचे तर कोणीतरी रोज पाणी घालावे लागते.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांना आमचे सांगणे एवढेच. आपल्या हजेरीपटावर काही नावांपुढे गैरहजेरीच्या खुणा जास्त असतात. ते मूल ढोरामागे गेलेले असते, धानाच्या रोवण्याला गेलेले असते, नाहीतर लहान भावंडाला सांभाळीत घरी बसलेले असते. आपण खूण करतो आणि पुढचे नाव घेतो. चार्ल्स रायली यांच्या यादीतही असे एक नाव होते. त्यांनी त्या मुलाला वेळ पाळायला सांगितले नाही. त्याला कोणती वेळ जमेल ते विचारले आणि त्या वेळी स्वतः तिथे जाऊन उभे राहिले. येत्या रविवारी हजेरी घेताना अशा एखाद्या नावाशी आपण थोडे थांबावे, आणि सोमवारी त्या घरापर्यंत जाऊन यावे.